दुसऱ्या गावची गादी

गादीवाले मामू समोर येईल त्या माणसाकडे काहीतरी मागत. चहावाल्याकडे बसायला खुर्ची, एसटीच्या कंडक्टरकडे कालचा पेपर, गिऱ्हाइकाकडे त्याच्या पोराच्या लग्नाचं आमंत्रण. मी त्यांच्या दुकानात पहिल्यांदा गेले ती संस्थेसाठी वर्गणी मागायला, आणि परत आले ती माझी छत्री त्यांना देऊन. वर्गणीचा विषय निघालाच नाही, हे रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं.

मी तेव्हा नर्सच्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झाले होते. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात लांबलांबून पेशंट येतात आणि त्यांच्यासोबतची माणसं व्हरांड्यात, झाडाखाली, जिथं जागा मिळेल तिथं अंग टाकतात. नोकरीभर हे पाहिलं होतं. म्हणून आम्ही चार-पाच जुन्या सहकाऱ्यांनी दवाखान्यामागे एक घर भाड्यानं घेतलं आणि त्याला मुक्कामघर म्हणू लागलो. घर मिळालं, पण अंथरायला धड सतरंज्यासुद्धा नव्हत्या. पावतीपुस्तकं छापून आम्ही दारोदार हिंडलो. लोक आदरानं बसवत, चहा पाजत आणि पुढच्या महिन्यात या म्हणत. मला तर मागायला तोंड उघडतानाच घाम फुटायचा.

छत्री परत आणायला गेले तेव्हा मामू रुई पिंजत होते. भुवया, मिशा, टोपी, सगळं पांढरं झालेलं. त्यांनी मशीन बंद केली आणि माझं रडगाणं शेवटपर्यंत ऐकलं.

“सिस्टर, तुमी पैसे मांगून राह्यल्या. पैसा मांगतला का माणूस पयते,” ते म्हणाले. “कापूस मांगा. सीतादह्याच्या दिवशी जा वावरात. त्या दिवशी कोनी नाही म्हनत नाही.”

आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू होते त्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, मग पहिला कापूस वेचतात. तेच सीतादही. त्या पहिल्या वेच्यातला ओटीभर कापूस मुक्कामघरासाठी मागायचा, एका गावातून जमेल त्याची मामूंनी एक गादी भरायची, तिच्या कोपऱ्यावर मामींनी लाल दोऱ्यानं गावाचं नाव काढायचं आणि उरलेला कापूस विकून घरभाडं द्यायचं, अशी मामूंची योजना. एका जिनवाल्याकडून सरकी फुकट काढून घेण्याचं कामही त्यांनीच मागून आणलं. छत्रीचं मात्र नाव काढलं नाही.

मामूंसोबत गावोगाव हिंडणं ही एक शिक्षाच होती. बोरखडीत जाऊन ते सांगत, सावळापूरवाल्यांनी दोन गठोडे कापूस दिला. सावळापुरात जाऊन सांगत, बोरखडीवाल्यांनी तीन दिले. प्रत्यक्षात दोन्ही गावांनी तोवर एक बोंडही दिलेलं नसे. ही दोन गावं एकमेकांच्या शिवेला लागून, आणि त्यांचं कधी पटलेलं नाही. मी परतीच्या ऑटोत मामूंना चांगलं झापलं. म्हटलं, संस्थेच्या कामात खोटं चालणार नाही.

“झूट काहून म्हनता, सिस्टर? संध्याकाळपर्यंत खरं होते.”

आणि व्हायचं. त्या हंगामात आम्ही गाद्या रचून रचून थकलो.

पण गादीवर गावाचं नाव घालून आम्ही एक घोळ करून ठेवला होता. लोक मुक्कामघरात पाय ठेवला की आधी आपल्या गावची गादी शोधू लागले. एकदा उमरखेडकडच्या तांड्यावरचा रामधन, बायकोचं ऑपरेशन झालेलं, दिवसभर दवाखान्यात उभा राहून आला आणि मिळेल त्या गादीवर पडला. तेवढ्यात बोरखडीचा एक गृहस्थ आला आणि गादी ओढायला लागला.

“हे आमच्या गावची हाय. माह्या वावरातला कापूस हाय याच्यात.”

रामधन उठला आणि फरशीवर जाऊन बसला. त्याच्या तांड्याची गादी नव्हती. मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी मी कात्री घेऊन नावं उसवायलाच बसले. मामूंनी माझ्या हातातून कात्री काढून घेतली.

“नाव राहू द्या. नाव काढसान तं पुढच्या साली कापूस कोन देईन? फक्त आपल्या गावच्या गादीवर आपन झोपाचं नाही. घरी पाव्हणा आला का आपली गादी त्याले देतो ना आपन? तसंच.”

नियम त्याच संध्याकाळी लागू झाला. बोरखडीची गादी रामधनला आणि बोरखडीच्या गृहस्थाला नेमकी सावळापूरची. “सावळापूरच्या गादीवर मले झोप येईन का?” असं तो तीनतीनदा म्हणाला. आली. घोरण्यानं त्यानं सगळी खोली जागी ठेवली.

रामधनची बायको बरी झाली. घरी गेल्यावर काही दिवसांनी तो हळदीचं पोतं घेऊन बोरखडीच्या फाट्यावर उतरला आणि म्हणाला, तुमच्या गादीवर झोपलो होतो. बोरखडीवाल्यांना यावर काय बोलावं ते कळेना, म्हणून त्यांनी त्याला जेवायला बसवलं. पुढच्या हंगामात त्याच्या तांड्याचा कापूस आम्ही न मागता आला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना घरमालकानं घर विकायला काढलं. माणूस भला होता. संक्रांतीपर्यंत थांबतो, तेवढ्यात इसार आणलात तर घर तुमचं, नाहीतर माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. ही सगळी माणसं पुन्हा व्हरांड्यात जाणार, एवढं एकच डोळ्यांपुढं दिसायचं. मी पावतीपुस्तकं शोधून काढली. मामू म्हणाले, ते राहू द्या, गावोगाव निरोप धाडा.

“काय सांगू?”

“घर चाललं. आपापली गादी घेऊन जा.”

मी म्हटलं, आणि खरंच नेल्या तर? त्यावर त्यांनी माझ्याकडे तंबाखू मागितली. मी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. माझ्या मनात आलं, या माणसानं आपलं मुक्कामघर बुडवलं.

तरी दिवस ठरवून मी निरोप धाडले. त्या दिवशी सकाळपासून माणसं येऊ लागली. कुणी पिकअप आणली, कुणी दोरखंड. सगळ्या गाद्या अंगणात काढून ठेवलेल्या. बोरखडीवाले आपल्या गादीपाशी उभे, सावळापूरवाले आपल्या. दोघंही एकमेकांकडे बघत होते. आपली गादी आधी उचलून नेणारं गाव व्हायची कुणाचीच तयारी नव्हती. शेवटी सावळापूरच्या एका म्हाताऱ्या बाई वैतागल्या.

“घरी नेऊन काय करू याले? आपल्या गादीवर झोपाची सवयच नाही राह्यली इथं कोनाले. इसार किती म्हनते तो मालक?”

मग अंगणातच बैठक बसली. त्या आठवड्यात कापूस आला, तूर आली, हळद आली, पुण्यात नोकरीला असलेल्या पोरांचे पैसे आले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी इसार देऊन मी घरी आले, दार लावलं आणि पोटभर रडले. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. मामूंना सांगायला गेले तर ते दुकानात कापसाच्या ढिगावर पडलेले. “मंग? चहा सांगा,” एवढंच म्हणाले.

पुढं त्यांचा खोकला वाढला. डॉक्टरांनी पिंजणं बंद करायला सांगितलं आणि आदिलाबादला दिलेली त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. मामी आणि मुलगी सामान घेऊन स्टँडवर बसल्या आणि मामू भरदुपारी एकटेच मुक्कामघरात आले. मी त्यांच्यासाठी डबा भरून आणायला घरी गेले होते. एकही गादी रिकामी नव्हती. वणीकडची एक मुलगी, आईला ॲडमिट करून आलेली, लेकराला शेजारी निजवून एका गादीवर बसलेली. ती मामूंना ओळखत नव्हती; पुढचं सगळं तिनंच मला मागाहून सांगितलं. तिनं विचारलं, “बाबा, तुमचं पेशंट कोनतं?”

“कोनीच नाही,” मामू म्हणाले.

तिला ते खरं वाटलं नाही. म्हाताऱ्याला सांगायचं जिवावर आलं असेल, असं समजून तिनं लेकराला मांडीवर घेतलं आणि अर्धी गादी मोकळी करून दिली.

मी पोचले तेव्हा मामू तिच्या गादीवर गाढ झोपलेले होते. खोकला नाही, संथ घोरत होते. मी हाक मारणार तेवढ्यात त्या मुलीनं ओठांवर बोट ठेवून मला दटावलं. आदिलाबादची बस सुटायची वेळ झाली होती. मी डबा खाली ठेवला, मामींना फोन करून आता पुढच्या बसनं निघा म्हणून सांगितलं आणि तिथंच भिंतीला टेकून बसले.