छपराच्या पुलावरची अर्धी वाट

छपराचा पूल येत्या महिन्यात पाडणार असे कळले, त्याच दिवशी थोरल्या बहिणीचा उलव्याहून फोन आला. ‘मला पुलावर ने,’ एवढेच ती म्हणाली. कारण मी विचारले नाही. ते मला ठाऊक होते.

पनवेलच्या खाडीकाठी आमचे मिठागर होते. तिथून रस्त्याकडे यायला लाकडी पूल, आणि पुलावर कौलारू छप्पर. छप्पर माणसांसाठी नव्हते. वळवाची सर आली तर डोक्यावरची मिठाची गोणी वाटेत भिजू नये, म्हणून आजोबांच्याही आधी कोणी ते घातले होते. मीठ छपराखाली आणि माणसे पावसात, असेही मी पाहिले आहे.

सासरी निघालेल्या मुलीचा बाप पुलाच्या अलीकडेच थांबे. पुढे भावाने जायचे, हाती घरच्या मिठाचे मडके घेऊन. पलीकडे ते सासूच्या हाती दिले की मुलगी पोचती झाली.

बहिणीच्या लग्नात मी अठरा वर्षांचा होतो. पुलाच्या मध्यावर वऱ्हाडातला एक जण ओरडला, ‘मीठवाल्याची पोर हाय, कालवण चाखूनच जेवा रं!’ सगळे हसले. मी मडके खांबापाशी ठेवले आणि परत फिरलो. लग्नातली चेष्टा होती. मला ती कळायला हवी होती. मागे बांगड्या वाजल्या. मडके तिने स्वतः उचलले असावे. मी वळून पाहिले नाही.

परवा सकाळी आम्ही गेलो. मिठागराच्या जागी आता भराव आहे. पुलाची निम्मी कौले गेली आहेत. मिठात मुरलेले लाकूड मात्र शाबूत आहे. त्या खांबापाशी बहीण थांबली आणि तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला.

‘मीठ?’ मी विचारले.

‘मग काय साखर? दुकानातलं हाय. आपलं आता कुठून आणू?’

डबा तिने माझ्या हातात दिला. मग खांबाकडे पाहत म्हणाली, ‘सासूनं मडकं घेतलं नाय माझ्या हातून. म्हनाली, भाऊ नाय काय हिला? चुलीमागं ठेवलं. ती गेली तवा पन तितंच होतं.’

‘कधी बोलली नाहीस, बाय.’

‘दर भाऊबीजेला येऊन जेवून जायचास. तू कधी विचारलंस?’

मी विचारले नव्हते.

‘आता सासू नाही. द्यायचे कोणाला?’

‘मलाच दे. दोन सुनांची सासू हाय मी आता.’

उरलेला अर्धा पूल आम्ही चाललो. तिचे गुडघे दुखतात, माझे त्याहून अधिक. पलीकडच्या टोकाला मी वळलो आणि डबा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिने तो पदराखाली घेतला.

‘पोचले एकदाची,’ ती म्हणाली.

परतताना डबा जड होता, म्हणून मी हात पुढे केला. तिने तो दिला नाही.