सीटखालची बॅटरी

हवालदार कुंडलिक जाधव, राहणार आष्टी, तालुका परतूर. नाव आधी लिहितो, कारण आज मी जे दोन घास खातो ते त्यांच्यामुळं.

मी भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा; उस्ताद मला तालुक्याच्या नावानंच हाक मारायचे. आठवीत शाळा सुटली, फौजेत ट्रेड्समन म्हणून लागलो. वर्कशॉपमधल्या इंग्रजी पाट्या वाचता येत नव्हत्या. घरी पाठवतील, ही धाकधूक रोजची. जाधव उस्तादांनी मला बॅटरी शेडमध्ये घेतलं. बॅटरीतलं तेजाब मोजायच्या हायड्रोमीटरच्या काचेत तरंगणारी कांडी कुठवर आली, ते बघायला इंग्रजी लागत नाही, म्हणाले.

आता पेन्शनीवर मी घरापासून लांब, दक्षिणेत एका शौकीन मालकाच्या जुन्या मोटारी सांभाळतो. एकीची बॅटरी ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीत, दुसरीची मागच्या सीटखाली, तिसरीची पायरीवरच्या पेटीत. सीट उचलायची वेळ आली की मी आधी थोडा थांबतो.

आमची शेवटची पोस्ट बर्फातली. वर एकच जुनी पेट्रोल जीप. तिच्या बॅटऱ्या ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली. संध्याकाळी त्या काढून बंकरात बुखारीच्या शेगडीजवळ ठेवायच्या, सकाळी परत बसवायच्या. गारठ्यात बॅटरी मरते.

एका सकाळी उस्तादांच्या छातीत घरघर सुरू झाली. फुप्फुसात पाणी. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, ताबडतोब खाली न्या. हवा खराब, हेलिकॉप्टर नाही. आडवं केलं की श्वास कोंडायचा, म्हणून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. मांडीवर ऑक्सिजन सिलिंडर.

"तोंड कशाला पाडलं रे भोकरदन? यष्टीत खिडकीची जागा भेटली मला."

अर्ध्या उतारावर इंजिन बंद पडलं. स्टार्टर फिरेना. नाईक बलदेव जीप चालवत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "सीट उठानी पडेगी."

मी हललो नाही.

"उठवा मला," उस्ताद म्हणाले. "नुसतं बघून काय राह्यला?"

चाकाच्या आडोशाला, कांबळ्यावर त्यांना टेकवलं. वारं थांबत नव्हतं. टर्मिनलचा क्लॅम्प पांढऱ्या भुकटीनं जाम झाला होता. मी हातोडी उचलली.

"ठोकू नको. बॅटरीवरचा पोस्ट तुटंल. पुलर लाव."

पुलरचे पाय क्लॅम्पखाली घातले, स्क्रू फिरवत राहिलो. बोटं कळत नव्हती. मागून उस्ताद तुटक बोलत होते. "आष्टीला जीप घेऊन ठेवली, लिलावातली. बॅटरी न्हाई तिला. रिटायर झालो, मंग बसवू दोघं."

रेडिओ वाजला. "पोझिशन? ओव्हर."

"गाडी बंद. पेशंट गाडीबाहेर. ओव्हर."

"बाहेर का?"

बलदेवनं रेडिओ खाली ठेवला.

क्लॅम्प सुटला. ब्रशनं पोस्ट घासला, परत कसला. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. उस्तादांना सीटवर घेतलं तेव्हा ते डोळे उघडे ठेवून होते, पण बोलत नव्हते. खाली एमआय रूमच्या, म्हणजे फौजी दवाखान्याच्या, दारात डॉक्टरांनी त्यांच्या तोंडावरचा मास्क काढला, तो परत लावला नाही.

डॉक्टर म्हणाले, गाडी थांबली नसती तरी हेच झालं असतं. मी "जी सर" म्हणालो. मला ते आजही पटलेलं नाही.

उस्तादांच्या बायकोनं, वहिनींनी, ती लिलावातली जीप विकली नाही. अंगणात ताडपत्रीखाली आहे. फोनवर विचारतात, "भाऊजी, कधी येऊन राह्यले?" मी म्हणतो, मालक सुट्टी देत नाही. मालकाकडं मी सुट्टी मागितलेलीच नाही.

उस्ताद, तुमचं देणं मला फिटणार नाही. पण एक दिवस आष्टीला येईन. तुमच्या जीपला बॅटरी बसवीन, आणि वहिनींना पुढच्या सीटवर बसवून परतूरपर्यंत नेऊन आणीन.