चाळीस टक्क्यांचा साक्षीदार

ओनोफ्रे पिझ्झिनातो आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर राहतो. तेहेतीस वर्षं त्यानं औषधांच्या दुकानात औषधं बनवली. कॉफीतली साखरही तो तोलून घालतो.

त्याची जुनी हिरवी गाडी पेट्रोलची. आमच्याकडे चहूकडे ऊस, त्यामुळे अल्कोहोल स्वस्त. पेट्रोलच्या गाडीत थोडं अल्कोहोल सगळेच ओततात, पण अंदाजानं. ओनोफ्रेनं कार्बुरेटरचं भोक मोठं करून, वर्षभर प्रयोग करून ठरवलं : शंभरात चाळीस. पंपावरच्या पेट्रोलमध्ये सरकारी नियमानं पंचवीस टक्के अल्कोहोल असतंच, वरचं तो घालायचा.

जूनमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यातल्या, एका थंड सकाळी गाडी चर्चसमोर आचके देऊन बंद पडली. मागे उसाचे तीन ट्रक अडकले. ओनोफ्रेनं घरी शिल्लक असलेलं पंपाचं पेट्रोल काचेच्या नळीत मिठाच्या पाण्याबरोबर हलवलं, अल्कोहोल पाण्यात उतरून रेघ किती वर चढली ते पाहिलं आणि थेट दाल्वोच्या पंपावर गेला. दाल्वोच्या मुलीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता ओनोफ्रे, म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणतात.

"कोंपाद्रे, तुझ्या पेट्रोलमध्ये अडतीस आहे."

"हळू बोल रे, गिऱ्हाईक आहे."

"मागच्या मंगळवारच्या डब्यात एकतीस निघालं."

दाल्वोचा चेहरा उतरला. "तक्रार करणारेस?"

"करतोच आहे. हा काय गलथानपणा? मिसळायचं तर रोज एकसारखं मिसळ. माणसानं वरून घालायचं तरी किती?"

तेव्हापासून दर सोमवारी ओनोफ्रे पंपावर नळी घेऊन उभा राहायचा. अजून घाल, आता पुरे. बरोबर चाळीस. प्रत्येक नमुना बाटलीत, वर औषधासारखी चिठ्ठी. मेकॅनिकनं गावातल्या गाड्या चाळिसाला जुळवून दिल्या. माझी गाडी इतकी गोड कधीच चालली नव्हती.

चार वर्षांनी तपासनीस बाई आल्या. नळी हलवून त्यांनी दाल्वोकडे पाहिलं.

दाल्वोनं टोपी काढली. "बाई, टँकरवाल्यानं या खेपेला घोळ घातला असणार."

बाई ताकीद देऊन सोडण्याच्या बेतात होत्या. पण ओनोफ्रे तिथेच होता, आणि तो लालबुंद झाला.

"घोळ? बाई, इथे चार वर्षांत एकदाही चाळिसाचं एकेचाळीस झालेलं नाही. थांबा, पुरावा आणतो."

"कोंपाद्रे, घरी जा," दाल्वो म्हणाला.

तो घरी गेला आणि दोनशे सात बाटल्या घेऊन आला, तारीखवार लावलेल्या. इतके नीटनेटके नमुने आपण प्रयोगशाळेतही पाहिले नाहीत, असं बाई म्हणाल्या. पंपाला सील लागलं.

नवा मालक आला, कायदेशीर पेट्रोल आलं, आणि अख्खं गाव काळा धूर सोडत फिरू लागलं. पेट्रोलचं चाळीस करून घ्यायला लोक डबे घेऊन ओनोफ्रेच्या दारात रांग लावायचे. दाल्वो वर्षभर सायकलनं हिंडला, पण त्या दारात गेला नाही.

मुलीच्या लग्नाला मात्र त्याला धर्मपित्याला बोलवावंच लागलं.

"तू त्या बाईला सांगितलंस कशाला?" ताटावर त्यानं विचारलं.

ओनोफ्रेनं काटा खाली ठेवला. "तुझं काम अंदाजपंचे असतं असं तिला वाटत होतं. मला नाही बघवलं."

दाल्वो त्याच्या ताटात भाजलेल्या मांसाचा आणखी एक तुकडा टाकून पुढच्या टेबलाकडे गेला.