शेंदराखालचे आकडे

शेंदूर-तेलाचा वास आला की मला सावनेरकडचा तो तलाव आठवतो. इंग्रजी अमदानीत मी नागपूरच्या पाटबंधारे कचेरीत ओव्हरसियर होतो. पाणी टिकावं म्हणून गावच्या बायकांनी पातळी मोजायच्या दगडालाच शेंदूर थापला होता. आकडे पार बुजले होते. मी चाकू काढला, तशी एक म्हातारी कळवळली, "देवाले काहून खरवडून राहिले, साहेब?" माझा हात थांबला. मी अंदाजाने सात फूट लिहिलं. त्या आकड्याच्या भरवशावर कचेरीने कालवा चालू ठेवला, आणि चैत्रातच तलावाचा तळ उघडा पडला. पुन्हा गेलो तेव्हा तीच म्हातारी घोटभर पाण्यासाठी चिखलात झिरा उकरत होती. म्हणाली, "तुमी तं देवाले हात नाही लावला, मंग थो कोपला काहून?" देव कोपलाच नव्हता, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. आता सांगायला ती म्हातारी नाही.