आधी फोन न ठेवणाऱ्या हॅलोबाई

दार वाजलं की बाकीचे लोक ‘कोण आहे?’ असं विचारतात. या बाई आतूनच ‘हॅलो’ म्हणत, आणि ते इतक्या गोड आवाजात की उसनी शिडी परत मागायला आलेला माणूससुद्धा दारातच नरमून जाई. गल्लीने त्यांचं नाव हॅलोबाई ठेवलं ते त्यामुळे. त्यांना त्या नावाचा राग कधी आला नाही. रागावायची सवय नोकरीनेच मोडून टाकली होती.

नोकरी होती एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर. तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, बिनखिडकीची खोली. समोर छिद्रांच्या ओळी, प्रत्येक छिद्रावर इवलासा दिवा, कानावर हेडफोन. दिवा लागला की वायर खुपसायची आणि हवा तो वॉर्ड जोडून द्यायचा. वाचायला सोपं वाटतं. बसून बघा म्हणजे कळेल. कारण जोडून देण्याचे फोन निम्मेच, उरलेले चौकशीचे. आमचा पेशंट कसा आहे, ऑपरेशन झालं का, भेटायला कधी येऊ. ती उत्तरं बोर्डावरच द्यावी लागत.

त्यांना काम शिकवलं ते बोर्डावरच्या मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई नाकावर माशी बसू देत नसत, पण त्यांचा एक नियम हॅलोबाईंनी जन्माचा धरला. चौकशीचा फोन आपण आधी ठेवायचा नाही. समोरच्याने ठेवला की मगच आपण. माणूस घाबरून फोन करतो, तेव्हा खरं विचारायचं ते त्याच्या तोंडून सगळ्यात शेवटी निघतं, असं मोठ्या बाईंचं म्हणणं. भेटायच्या वेळा विचारून होतात, मग जरा शांतता, आणि मग ‘वाचतील ना हो?’ त्या शांततेत आपण फोन ठेवला तर तो प्रश्न त्या माणसाच्या घशातच राहतो. म्हणून थांबायचं. काही बोलायचं नाही, घाई करायची नाही, नुसतं थांबायचं. पलीकडून खट् असा आवाज आला की आपण मोकळे.

अशा खट् खट् आवाजांत हॅलोबाईंची सगळी नोकरी गेली. पुढे रुग्णालयात आपोआप जोडणारं यंत्र आलं, बोर्ड काढून नेला आणि बाईही घरी आल्या. घरी यजमान होते. ते बोलायला भलतेच महाग. पण संध्याकाळी हॅलोबाई दिवसभराचं सांगायला लागल्या की ते पेपर तोंडापुढे धरून बसत आणि पान उलटायचं थांबवत. पान उलटलं नाही म्हणजे ऐकतायत, हे बाईंना ठाऊक होतं. वर्षानुवर्षं त्यांचं तेवढ्यावर छान भागलं.

मग यजमान गेले. लेक लांब, तिचा संसार, तिची नोकरी. रविवारी न चुकता फोन करायची, पण दूध उतू जायला लागे नाहीतर धाकटा पडे, आणि ‘आई, ठेवते गं’ म्हणून खट्. यात लेकीची चूक काडीची नव्हती, आणि बाईंनीही ती कधी काढली नाही. फक्त फोन ठेवल्यावर घर आधीपेक्षा मोठं वाटायचं.

शेजारीण विद्यापीठात कारकून होती. मानसशास्त्राच्या विभागात फोनवर प्रश्न विचारायला कोणी स्वच्छ बोलणारं हवंय, अशी बातमी तिनेच आणली. हॅलोबाई गेल्या. विभागाच्या प्रमुख म्हणजे प्रोफेसरबाई. पांढरे केस, पायात कापडी बूट, आणि टेबलावर एवढे कागद की पलीकडचं माणूस दिसू नये. त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं एकाच गोष्टीला दिली होती: एकटं पडलेल्या माणसाला त्यातून बाहेर कसं काढायचं. त्यासाठी त्यांनी समुपदेशनाची एक पद्धत बसवली होती. माणसाशी दर आठवड्याला फोनवर बोलायचं, त्याच्या मनातले उलटेसुलटे विचार त्याच्याकडूनच तपासून घ्यायचे. आता त्या पद्धतीची परीक्षा घ्यायची होती.

परीक्षा म्हणजे काय, ते प्रोफेसरबाईंनी खिडकीतल्या दोन कुंड्या दाखवून सांगितलं. एकीला खत घातलं आणि रोप वाढलं, तर ते खताने वाढलं की उन्हाने, कसं कळणार? म्हणून शेजारी दुसरी कुंडी ठेवायची, तिला नुसतं पाणी. माणसांचंही तसंच. माणूस पुष्कळदा नुसत्या काळानेही सावरतो. त्यामुळे एका गटाला दोन शिकलेल्या मुली समुपदेशन देणार, आणि दुसऱ्या गटाला आठवड्यातून एकदा, गुरुवारी, फोन करून नुसते प्रश्न विचारायचे. हा दुसरा, पाण्याचा गट हॅलोबाईंचा.

त्यांच्या टेबलावर एक पाटी चिकटवलेली होती. नमस्कार म्हणा, प्रश्न विचारा, आभार माना. सल्ला देऊ नका, गप्पा मारू नका, स्वतःचं मत सांगू नका. ‘अरेरे’ म्हणायलाही बंदी. हॅलोबाईंनी ती पाटी तंतोतंत पाळली, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे संशय घेणारे निघतात. एक शब्द जास्तीचा बोलल्या नाहीत. पण फोन आधी कोणी ठेवायचा, ते पाटीवर नव्हतं. विद्वान माणसांना ते लिहावंसं वाटलंच नाही. काम संपलं की माणूस फोन ठेवतो, त्यात काय लिहायचं?

पहिल्याच आठवड्यात एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांना त्यांनी प्रश्न विचारले. गेल्या आठवड्यात आपल्याशी बोलायला कोणी नाही असं किती वेळा वाटलं? काका म्हणाले, ‘नेहमी.’ प्रश्न संपले, आभार मानून झाले, आणि हॅलोबाई सवयीने खट् ची वाट बघत थांबल्या. खट् आलं नाही. काका म्हणाले, ‘आहात का?’ बाई नुसतं ‘हो’ म्हणाल्या. मग काका दुकानाबद्दल बोलायला लागले. जुन्या घड्याळाला तेल किती घालायचं, जास्त झालं तर ते कसं हट्टाला पेटतं, आणि हल्ली दुरुस्तीला कोणी येतच नाही. बाई ऐकत राहिल्या. काकांचं झालं तेव्हा त्यांनी फोन ठेवला.

तसंच सगळ्यांचं झालं. एक निवृत्त बसचालक आपल्या जुन्या रस्त्यावरचे थांबे ओळीने सांगायचे, कुठल्या थांब्यावर कोण चढायचं त्यासकट. एक आजी बाल्कनीतून आज कोण कोण गेलं त्याची वार्ता द्यायची आणि लोकांच्या चालण्यावरून त्यांची लग्नं जमवायची. एक शिंपी तर बोलायचेच नाहीत. फोन कानाला लावून मशीन चालवत राहायचे, आणि हॅलोबाई मशीन ऐकायच्या.

खोटं कशाला बोला, त्या गुरुवारची वाट बघायला लागल्या. घरी आल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून काका आठवत, बाल्कनीत कपडे वाळत घालताना आजी. कधी तरी तोच प्रश्न स्वतःला विचारून बघत. सुरुवातीला उत्तर काकांचंच होतं, नेहमी. मग कधी तरी ते मागे पडलं, आणि आपण कोणाचे तरी उपकार घेतोय एवढं त्यांना कळत होतं. कोणाचे, ते मात्र नीट सांगता आलं नसतं.

वर्ष संपलं आणि निकाल आला. प्रोफेसरबाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. समुपदेशनाच्या गटातली माणसं चांगली सावरली होती. पण पाण्याचा गटही तितकाच सावरला होता. म्हणजे समुपदेशनाने वेगळं असं काही साधलं नव्हतं. प्रोफेसरबाई शांतपणे म्हणाल्या की शास्त्र म्हणजे शास्त्र. पद्धत कुचकामी निघाली तर ती तशी जाहीर करायची आणि काम बंद करायचं. समुपदेशन करणाऱ्या दोघी मुलींपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याकडची काही माणसं अजून पुरती सावरली नव्हती, आणि पुढच्या महिन्यापासून त्यांना फोन जाणार नव्हता.

हॅलोबाईंना आपण फोन न ठेवता ऐकलेलं सगळं आठवलं. त्या कुंड्यांकडे बघत राहिल्या. गप्प बसावं तर चांगलं काम नाहक बुडणार. बोलावं तर वर्षभराच्या मेहनतीवर आपणच पाणी ओतल्याचं कबूल करायचं, तेही ज्या बाईने भरवसा टाकला तिच्या तोंडावर. आणि मग गुरुवारही जाणार. सगळे उठून गेले तरी त्या बसून राहिल्या.

‘बाई, माझ्याकडून एक झालंय.’

‘काय?’

‘मी फोन ठेवत नव्हते.’

प्रोफेसरबाईंनी चष्मा काढला. ‘म्हणजे तुम्ही त्यांच्याशी गप्पा मारत होतात?’

‘नाही हो. पाटीवरचंच बोलले. पण मग ते बोलायचे, आणि त्यांनी ठेवल्याशिवाय मला ठेवता येत नाही. बोर्डावरची सवय आहे. हे तुमच्या कामात येईल असं माझ्या डोक्यातच आलं नाही.’

प्रोफेसरबाईंनी काढलेला चष्मा कागदांवर ठेवला. मग त्या म्हणाल्या, ‘मी तुम्हाला नुसतं पाणी घालायला सांगितलं होतं.’ आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं हॅलोबाईंना वाटलं. त्यांनी पर्स उचलली, मुलींच्या रिकाम्या खुर्च्या नीट आत सरकवल्या आणि घरी आल्या.

पुढचा गुरुवार कसा गेला ते त्यांनाच माहीत. काकांची वेळ झाली तेव्हा हात आपोआप फोनकडे गेला आणि त्यांनी हात पदराखाली घेतला. आपण यांना काही दिलं असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. उलट त्या सगळ्यांनी रिकाम्या घरात एक दुकान आणून दिलं, एक बाल्कनी, एक सबंध बसचा रस्ता, आणि आपण त्यांचे साधे आभारसुद्धा मानले नाहीत. मानले ते पाटीवरचे. संध्याकाळभर त्यांना याचीच हळहळ वाटत राहिली.

रविवारी लेकीचा फोन येऊन गेला, ‘ठेवते गं’ झालं, आणि तेवढ्यात पुन्हा घंटा वाजली. प्रोफेसरबाई होत्या. त्यांनी इकडचं तिकडचं न बोलता सांगून टाकलं. समुपदेशन बंद होत नाही. दुसरा गट बिघडला होता असं अहवालात स्पष्ट लिहिलंय, आणि बिघडलेल्या प्रयोगावरून काहीच सिद्ध होत नाही, हेही. परीक्षा नव्याने घ्यायची, नवी माणसं घेऊन, आणि या वेळी गट तीन. तिसऱ्यात प्रश्न विचारायचे आणि मग फोन ठेवायचा नाही. ‘यातून काय निघेल ते मला माहीत नाही. काही निघणारही नाही कदाचित. पण तो गट तुमचा. पाटी मी बदललीय.’ आणि काका, आजी वगैरे जुनी माणसं आता प्रयोगात नाहीत, तेव्हा त्यांची हरकत नसेल तर त्यांना फोन करायला विभागाची ना नाही.

हॅलोबाईंचा जीव भांड्यात पडला. ‘त्या दिवशी मी तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही,’ प्रोफेसरबाई म्हणाल्या. ‘रागावले होते. तुम्ही बोलला नसतात तर मी स्वतःच्या हाताने चांगलं काम बंद केलं असतं.’ मग जरा थांबून त्यांनी विचारलं, ‘एक राहिलंच. हे प्रश्न तुम्ही इतक्या जणांना विचारलेत. तुम्हाला कोणी विचारले का?’

‘मला कशाला?’

‘मी विचारते. गेल्या आठवड्यात आपल्याशी बोलायला कोणी नाही असं किती वेळा वाटलं?’

हॅलोबाईंनी खरं उत्तर शोधलं. ‘गुरुवारी वाटलं. एरवी नाही. वर्षापूर्वी विचारलं असतंत तर नेहमी म्हणाले असते.’

प्रोफेसरबाईंनी उरलेले प्रश्नही ओळीने विचारले, एकही गाळला नाही, आणि शेवटी पाटीवरच्यासारखे आभार मानले. हॅलोबाई सवयीने खट् ची वाट बघत थांबल्या. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज येत होता. तो थांबला. खट् काही आलं नाही.

‘आहात का?’ हॅलोबाईंनी विचारलं.

‘हो.’

हॅलोबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘आमचे हे ना, बाई,’ त्या म्हणाल्या, ‘संध्याकाळी पेपर घेऊन बसायचे…’