मोहाखालचं खळं

आमच्याकडे रानातलं झाड कुणाच्या नावावर नसतं, पण मोह कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक असतं. कळवणच्या पश्चिमेला डोंगर चढत जातात, तिथे आमचा पाडा आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला घरातल्या डब्यांत काय कुठे आहे ते दाखवायच्या आधी डोंगरावर नेलं आणि एका मोहाखाली उभं केलं. झाड फार जुनं. बुंधा पोकळ झालेला, दोघींनी हात धरले तरी कवेत येत नव्हता. सासू म्हणाली, हे मला माझ्या सासूने दाखवलं, आता तुला दाखवते, माझ्यामागे तुझं. मी मान हलवली. मी तेव्हा फारसं बोलत नसे. अजूनही जमत नाही. लिहिताना तेवढं जमतं, म्हणून मुलांच्या वह्यांची उरलेली पानं घेते.

फाल्गुनात मोह फुलतो. फुलं मण्यांसारखी, पिवळट, रसाने भरलेली, आणि ती पहाटे आपोआप गळतात. आम्ही ती वेचतो, वाळवतो, भाजून खातो, गाभण गाईला घालतो, उरलेली बाजारात देतो. पुढे बियांचं तेल निघतं, ते वर्षभर भाजीला पुरतं. माझा नवरा अंबडला कंपनीत ठेकेदाराकडे जातो. काम असलं तर असतं, नसलं तर घरी येऊन बसतो. मोह मात्र दरसाल येतो. सासू मोहाला आपला थोरला म्हणायची, आणि नवरा घरात असला की जरा मोठ्याने म्हणायची.

फूल गळायच्या आधी झाडाखालचा पाचोळा काढावा लागतो, नाहीतर फूल त्यात हरवतं. काढायचा म्हणजे जाळायचा, हीच रीत. काडी लावली की थोड्या वेळात जमीन काळी आणि मोकळी होते, आणि काळ्यावर पिवळं फूल लांबून दिसतं. सासू म्हणायची, धग लागली की झाड जास्त फुलतं. आग कधी झाडाखालीच थांबायची, कधी गवतातून वर जायची. वर गेली की आम्ही म्हणायचो, डोंगर लागला. कुणी लावला, असं कोणी विचारत नसे, कारण आज एकीचा तर उद्या दुसरीचा.

मग गावाला रानाचा हक्क मिळाला. रान राखायचंही गावानेच आणि त्यातलं घ्यायचंही गावानेच. त्यासाठी अंगणवाडीसमोर बैठक बसली. पुरुष पुढे, आम्ही बायका मागे. मोहाखालच्या आगीचा विषय निघाला तसा गलका झाला. तेव्हा गावातला सगळ्यांत म्हातारा बाबा काठीवर उठला.

"समदे मोह माझ्या बापाच्या वयाचे हाईत," तो म्हणाला. "माझ्या वयाचा एक तरी दावा मला."

कोणालाच दाखवता येईना. आम्हा बायकांतून सासू बोलली, "बाबा, तुमच्या वयाचं माणूस तरी कुठं उरलंय?" सगळे हसले, बाबाही हसला, पण बसला नाही. दरवर्षी खालची रोपं जळतात, वरची झाडं पोकळ होत चाललीत, ती पडली की तुमच्या नातवंडांनी काय वेचायचं, असं तो सावकाश बोलत राहिला. शेवटी ठरलं की ज्याच्या मोहाखालची आग बाहेर सुटेल, त्या घराने त्या साली त्या मोहाला हात लावायचा नाही.

घरी येताना सासू म्हणाली, मी जन्मभर आग राखली, मला कोण शिकवणार. मला आदल्या सालची आठवण होती. तिची आग हातातून निसटली होती, आणि आम्ही दोघींनी ओल्या डहाळ्यांनी बडवून बडवून ती विझवली होती. तिची नजर आता पहिल्यासारखी नाही, पायही चटकन उचलत नाहीत. आग पुन्हा सुटली तर त्या सालचा मोह गेलाच. आणि त्या हिवाळ्यात नवऱ्याचं काम सुटलेलं होतं.

तिला नको म्हणायची माझी छाती नव्हती. म्हणून मी सरपणाला जाते असं सांगून दुपारी वर जायला लागले आणि मोहाखालचा पाचोळा खराट्याने झाडायला लागले. पाचोळा पाटीत भरून खाली आमच्या राबावर नेऊन टाकायची. राब म्हणजे नागलीची रोपं टाकायच्या आधी पाल्यापाचोळ्याने भाजून घ्यायचा शेतातला तुकडा. तो बांधाच्या आत असतो, तिथून आग कुठे जात नाही. मला वाटलं, पाचोळ्याची सोय झाली आणि मोहाचीही. उत्साहात मी खुरप्याने गवताची मुळंही काढली. अंगणासारखी जमीन केली.

एक दिवस सासू काडेपेटी घेऊन वर आली. मी बुंध्याच्या पलीकडे होते. तिने खाली पाहिलं, मग माझ्या हातातल्या खराट्याकडे पाहिलं.

"आता काय जाळू?" ती म्हणाली. "तुझं लुगडं?"

एवढंच बोलून ती उतरून गेली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही, पण मला बरंच वाटलं.

ते बरं वाटणं पहिलं फूल गळेपर्यंत टिकलं. फूल दवात भिजून पडतं. खालची माती मी उकरून भुसभुशीत करून ठेवलेली. एकेका फुलाला माती आणि बारीक खडे चिकटले. पुसले तर फूल फाटायचं, धुतलं तर रस जायचा आणि वाळताना काळं पडायचं. सासूने त्यातलीच फुलं भाजून सगळ्यांना वाढली. जेवताना ती थांबली, तोंडातला खडा काढला आणि माझ्या ताटाच्या कडेला ठेवला.

"तुझा हाय," ती म्हणाली. "ठेव."

मुलं हसली. मला ताटातून मान वर करता येईना. मग तिने सांगितलं की उद्याची फुलं वेचून झाली की ती घरातला पेंढा वर नेणार, झाडाखाली पसरणार आणि काडी लावणार. जमीन भाजली की खडा सुटत नाही. ते खरंच होतं. पण आता उन्हं तापली होती, झाडाभोवतीचं गवत वाळून कडकडीत झालं होतं आणि दुपारी वारा सुटत होता. पाचोळा जाळायचे दिवस मागे गेले होते.

दुसऱ्या दिवशी ती पेंढ्याचा भारा घेऊन पुढे निघाली. मी मागे. मी डोक्यावर पाण्याचा हंडा घेतला होता. ती वाटभर मागे वळली नाही. वर पोचल्यावर तिने पेंढा सोडला, पसरला, कमरेची काडेपेटी काढली, आणि तेव्हा तिचं लक्ष हंड्याकडे गेलं.

"पाणी कशाला?"

"आग सुटली तर," मी म्हणाले.

"एवढ्या पाण्यानं?"

वाऱ्याने पेंढ्याच्या काड्या सरकत होत्या, एकदोन गवतात गेल्या. तिने त्या पाहिल्या. मी हंडा खाली ठेवला.

"आत्या, मोह जळून गेला तर मी माझ्या सुनेला काय दावू?"

"पोरगं अजून दुसरीत हाय," ती म्हणाली, "अन् हिला सून आली."

ती बुंध्याला टेकून बसली. काडेपेटी तिच्या मांडीवर होती. ती एकदा डोंगराकडे, एकदा पेंढ्याकडे पाहत होती. मला जाऊ की बसू ते कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने ती गुडघ्यावर हात देऊन उठली, हंड्यापाशी गेली आणि त्यात हात बुडवून बघितला.

"एवढ्या पाण्यानं आग विझत नाय," ती म्हणाली. "सारवण होतं."

मग तिने मला घाई केली. झऱ्याच्या वाटेवर दुपारी गुरं बसतात, तिथून शेण आणायला पाठवलं. मी पाटी भरून आणेपर्यंत तिने पेंढा गोळा करून बाजूला बांधून ठेवला होता आणि पायाने माती दाबत होती. आम्ही नागली मळायला खळं करतो तसं तिने ते करायला घेतलं. आधी माती चोपायची, मग पातळ शेणाने सारवायचं. ती सारवत मागे सरकत होती आणि मला शिकवत होती, जणू मी कालच लग्न होऊन आलेय. हात उचलू नको. कडेला पातळ घे. इथं भेग राहिली. पाणी कमी पडलं तशी मी आणखी दोनदा झऱ्यावर गेले. उन्हं कलली तेव्हा मोहाखाली गोल, हिरवट, ओलं खळं झालं होतं. तिने काडेपेटी पेंढ्यात खोचली आणि भारा माझ्या डोक्यावर दिला.

पहाटे फुलं सारवलेल्या जमिनीवर पडली. स्वच्छ. काळ्यावर दिसतात तितकी लांबून नाही दिसत, पण हाताला खडा लागत नाही. शेजारच्या मोहावरच्या बायका बघायला आल्या. एकीने विचारलं, "मोहाचं लगीन काढलं का मामी?" सासू म्हणाली, "हां, तुमच्या मोहाला सांगा, नवरी शोधा म्हणावं."

सगळ्यांनी सारवलं असं नाही. ज्यांचे मोह कड्याजवळ आहेत त्यांना तिथे पाणी नेणं होत नाही. त्यांनी जुनी लुगडी अंथरली, त्यावरून रोज भांडणं होतात, कारण रात्री कोणीतरी गुरं तिथे सोडतं आणि लुगडी तुडवली जातात. एका घराने पाचोळा जाळलाच, आग थोडी वर गेली, आणि त्यांचा मोह त्या साली तसाच राहिला. त्या घरची बाई आमच्याकडे ताकाला आली तेव्हा सासूने तिला वाळलेल्या फुलांची ओंजळ दिली.

या वर्षी सासूचे गुडघे धरलेत, ती वर येत नाही. मी एकटीच झाडते, चोपते, सारवते. ती संध्याकाळी ओट्यावर बसून एकेक विचारते. शेण ओलं होतं का. भेगा बुजवल्या का. परवा तिने विचारलं, खळं गोल केलं का.

"एका अंगानं आत घेतलंय," मी म्हणाले.

"का?"

मी सांगितलं की पाचोळा झाडताना तिथे मोहाचं रोप दिसलं. बोटाएवढं, चार पानांचं. बुंध्यापासून लांब नाही. आदल्या साली तिथल्या काही बिया आमच्या वेचण्यातून राहिल्या असतील. मी त्याच्या कडेने सारवलं.

तिथे फूल लय पडतं, सासू म्हणाली, आणि मी हो म्हणाले. तिने पाय लांब करून गुडघा चोळला. मला वाटलं, आता ती म्हणेल उपटून टाक, किंवा म्हणेल की त्याला फूल यायला तुझा पोरगा म्हातारा होईल.

"उद्या बोरीच्या काट्या घेऊन जा," ती म्हणाली. "अन् आपली शेळी त्या अंगाला सोडू नको."