भरदुपारी पेटवलेली बत्ती

गॅसबत्तीला मी जन्मभर शिव्या घातल्या. ती आहेच तशी हलकट. पंप मारून खांदा निखळायची वेळ येते तरी हवा धरत नाही, कारण पंपातला चामड्याचा वॉशर सुकलेला असतो. त्याला खोबरेल चोळून नरम करावं, तर नोझल तुंबतं आणि सुई खुपसत बसावं लागतं. तेही जमलं की मेंटल, म्हणजे पेटून उजेड देणारी ती जाळी, एका धक्क्यात भुगा होऊन पडते. वडील गिरणीतून सुटल्यावर वरातींना आणि भजनांना बत्त्या भाड्यानं देत. ते गेल्यावर तीन बत्त्या आणि हा सगळा वैताग माझ्या गळ्यात पडला. धाकटा भाऊ त्यांना हातही लावत नसे. त्याला संयुक्त महाराष्ट्र हवा होता, मेंटल बांधायला वेळ कुठला!

त्या दिवसांत लालबागेत कुणी कुणाला सोडत नव्हतं. पोलीस गल्लीत शिरून गोळ्या घालायचे आणि आमची पोरं गच्चीवरून फरशीचे तुकडे आणि सोड्याच्या बाटल्या फेकायची. उघड्या खिडकीत डोकं दिसलं तरी खालून गोळी येई. म्हणून चाळ भरदुपारी खिडक्या लावून, अश्रुधूर आत येऊ नये म्हणून फटींत ओली फडकी कोंबून बसलेली असे. वीज फक्त जिन्यात होती. दार लावलं की आमच्या खोलीत काळोख.

अशाच एका दुपारी शेजारच्या दोघांनी भावाला उचलून आणला आणि खाटेवर टाकला. मांडीत गोळी होती. लेंगा रक्तानं चिकटून बसला होता. इस्पितळात नेता येत नव्हतं, तिथं पोलीस गोळी लागलेल्याला दारातच धरत होते. नाक्यावरचे डॉक्टर मागच्या जिन्यानं आले, मांडी दाबून बघितली आणि म्हणाले, "गोळी आत्ताच काढावी लागेल. उद्यावर गेलं तर पाय कापायची पाळी येईल. आधी उजेड करा."

आई मालवणकडची. जीव घाबरा झाला की तिची भाषा गावाला जायची. "बत्ती पेटव गो! बघतंस काय?" ती माझ्यावर खेकसली.

टाकी रिकामी होती. खाटेखालचा रॉकेलचा डबा आईनंच ओढला. नेहमीच्या दुकानाला कुलूप होतं, म्हणून दोन दिवसांपूर्वी तिनं एका हातगाडीवाल्याकडून स्वस्तात घेतलेलं रॉकेल होतं ते. नरसाळं लावून टाकी भरली तीही तिनंच. भाऊ शुद्धीवर होता. तिच्याकडे बघत होता, पाणी मागत होता. मी वाटीत स्पिरिट पेटवून बत्ती तापवली आणि पंप मारला. बत्ती भपकन पेटली. जरा जास्तच भपकन, पण मला तेव्हा उजेडाशी मतलब होता.

डॉक्टरांनी चिमटा मांडीत घातला आणि भावानं अशी किंकाळी फोडली की अंगावर काटा आला. आईनं त्याच्या कानफटात मारली. "वरडू नको मेल्या, पोलीस येतले!" असं म्हणत तिनं फडक्याचा बोळा त्याच्या तोंडात कोंबला आणि सरळ छातीवर बसली. शेजारच्या दोघांनी पाय दाबून धरले. मी बत्ती कडीला धरून त्याच्या मांडीच्या वर उजेड पाडत उभी राहिले. खाली रस्त्यावर लाठ्या चालल्या होत्या, बायका किंचाळत होत्या.

मग बत्ती चेकाळली. सूं सूं करायची ती गरजायला लागली. मेंटल फाटलं, ज्वाळा काचेत मावेना, टोपाच्या भोकांतून वर उसळायला लागली. नोझल तुंबलं असेल म्हणून मी सुई फिरवली, तर ज्वाळा आणखी वाढली. टाकीला हात लावला तर चटका बसला.

"हलवू नका!" डॉक्टर ओरडले. "मोठ्या शिरेच्या बाजूला आहे मी!"

बत्ती अशी अंगावर आली की एकच इलाज असतो. टाकीवरचा स्क्रू सैल करून हवा सोडायची, बत्ती मुकाट विझते. माझी बोटं स्क्रूवर गेली आणि भाऊ असा उसळला की आई पडता पडता वाचली. तिनं त्याला आणखी एक ठेवून दिली. आम्हाला वाटलं, कळ असह्य झाली. पण तो डॉक्टरांकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे माझ्या बोटांवर होते, आणि बोळ्याच्या आडून तो घुसमटत काहीतरी ओरडत होता.

तेवढ्यात झाकणाच्या कडेनं एक थेंब पाझरून माझ्या बोटावर आला. रॉकेल बोटावर तेलकट बसून राहतं. हा थेंब एवढ्या गरम टाकीवरून येऊनही गार लागला आणि बघता बघता उडून गेला. पेट्रोल! स्पिरिट, रक्त आणि अश्रुधूर यांच्या वासात नाकाला काही कळलंच नव्हतं. स्क्रू सैल केला असता तर हवेबरोबर पेट्रोलची वाफ ज्वाळेवर आली असती आणि बंद खोलीत आम्ही सगळे जळून मेलो असतो.

मी ज्वाळेनं तापलेली कडी घट्ट पकडून बत्ती बाजूला ओढली. तळहात भाजला, कातडी कडीला चिकटली. मागची खिडकी लाथेनं उघडली आणि बत्ती खालच्या गटारात भिरकावली. धडाका असा झाला की भांडी फळीवरून खाली आली. पण खिडकीतून ऊन थेट खाटेवर पडलं. डॉक्टरांचा हात हलला नव्हता. "आता दिसतंय," ते म्हणाले. थोड्या वेळानं गोळी पितळी ताटलीत वाजली.

बॉम्ब फुटला समजून पोलीस वर आले. टाके पडून पट्टी होईपर्यंत दारानं दम धरला, मग ते मोडलं. भावाला त्यांनी जिन्यावरून फरफटत नेला आणि त्याच मांडीवर लाठ्या घातल्या. मी एका हवालदाराच्या मनगटाला चावले. त्यानं तोंडावर ठोसा मारून माझा दात पाडला. मला त्याचा अजून राग आहे. भाऊ तुरुंगातून परत आला तेव्हा पाय होता, पण गुडघा वाकत नव्हता.

आईनं त्या हातगाडीवाल्याला नाक्यावर गाठलं, गळपट्टी धरून चपलेनं रक्त येईपर्यंत मारलं. "रॉकेलात पेट्रोल घालतंस?" तो हात जोडून नाही नाही म्हणत होता. तो पुन्हा आमच्या गल्लीत फिरकला नाही. पण आईचं समाधान झालं नाही. स्वस्तातलं मीच आणलं, मीच भरलं, पोराचा पाय मीच घालवला, हेच ती घोकत राहिली. बत्तीला तिनं परत हात लावला नाही. राज्य व्हायच्या आधीच ती गेली, आणि जातानाही तिच्या तोंडी तेच होतं.

राज्य झालं त्या संध्याकाळी सगळी चाळ उजळली होती. आम्ही उरलेल्या दोन बत्त्या गॅलरीत काढल्या. भावानं रॉकेल ओतलं, त्यात बोट बुडवलं आणि माझ्यापुढे धरलं. "बघ ताई, तेलकट आहे ना?"

"त्या हातगाडीवाल्याचं नाही ना, मग झालं," मी म्हणाले.

तो खाली बघत म्हणाला, "त्यानं नव्हती गं भेसळ केली. पेट्रोल मीच ओतलेलं डब्यात. पेटत्या बाटल्या करायच्या होत्या."

मी म्हणाले, "आये टाकी भरत होती तेव्हा तुझ्या तोंडात बोळा नव्हता."

"असलं काही घरात आणायचं नाही म्हणून आयेनं शपथ घातलेली. वाटलं, थोडंच आहे, जळून जाईल."

"आणि नंतर? ती मरेस्तोवर?"

मी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की गॅलरीतली माणसं वळून बघायला लागली.

"अजून एक मार," तो म्हणाला. "आयेच्या वाटणीची."

मी मारली. तिसरी, त्या हातगाडीवाल्याच्या वाटणीची, त्यानं मागितली नव्हती. तीही मारली.